उलटतपासणी नाही

मंगळवारी सकाळी ज्यूरीची निवड चालू असताना चौदा नंबरच्या बाईनं हात वर केला. जज्ज अ‍ॅम्ब्रोज नेटल्सनं नुकताच तो नेहमीचा प्रश्न विचारला होता. पंधरा वर्षं त्याच खुर्चीतून, त्याच आवाजात विचारत आलेला प्रश्न. पक्षकारांपैकी, वकिलांपैकी कोणाला किंवा मला स्वतःला तुमच्यापैकी कोणी ओळखतं का? या प्रश्नाला कोणी ना कोणी हात वर करतंच. मोबील हे दक्षिणेकडचं बंदर, काही एवढं मोठं शहर नाही. कोणाचा मेहुणा वकिलाच्या चर्चमध्ये गात असतो, कोणी पक्षकाराच्या शेजारी चार वर्षं राहिलेलं असतं. त्यामुळे कागदावरची नजर न काढताच तो म्हणाला, "बोला, चौदा नंबर."

"मी तुम्हाला ओळखते, जज्जसाहेब," बाई म्हणाली. "तुम्ही माझे वकील होतात."

कोर्टात जरासं हसू पसरलं. अ‍ॅम्ब्रोजनं वर पाहिलं. चाळिशी ओलांडलेली काळी बाई, राखी रंगाचा कोट, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा. यादीत नाव होतं आर्डेलिया मेहँड सिम्स. काम, चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासणे. मेहँड या शब्दावर त्याची नजर अडखळली आणि तिथंच राहिली. 

"कधीची गोष्ट?" त्यानं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"एकोणीसशे त्रेसष्ट. मी दहा वर्षांची होते."

"त्या ओळखीमुळे इथं निःपक्षपातीपणानं निर्णय देणं तुम्हाला अवघड जाईल का?"

 खरोखरच विचार करत असल्यासारखी ती समोरच्या कठड्याकडे बघत राहिली. "या खटल्याच्या बाबतीत नाही," ती म्हणाली.

अ‍ॅम्ब्रोजनं दोन्ही वकिलांना जवळ बोलावलं. दावा साधा होता. जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवरच्या एका खलाशाची तीन बोटं दोरखंडात अडकून गेली होती, आणि बोटीची कंपनी म्हणत होती की चूक त्याचीच. खलाशाच्या वकिलाला वाटलं की जिच्यासाठी कोणीतरी एकदा लढलंय अशी बाई आपल्या बाजूची. कंपनीच्या वकिलाला वाटलं की जज्जची जुनी पक्षकार शिस्तीची असणार. दोघंही म्हणाले, हरकत नाही. आर्डेलिया मेहँड सिम्स पुढच्या रांगेतल्या दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसली. त्याच्यापासून पंधरा फुटांवर. खटला संपेपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलायची त्याला मुभा नव्हती.

दिवसभर साक्षी चालल्या आणि तो त्या ऐकत होता. निदान त्याचा तो भाग ऐकत होता, जो इतक्या वर्षांत आपोआप ऐकायला शिकला होता, हरकत मान्य, हरकत फेटाळली म्हणायला शिकला होता. उरलेला अ‍ॅम्ब्रोज तीस वर्षांपूर्वीच्या अ‍ॅव्हेन्यूवर फिरत होता. अ‍ॅव्हेन्यू म्हणजे काळ्यांचा बाजार. त्याची कचेरी तिथं एका अंत्यविधीच्या दुकानावरच्या माडीवर होती. खाली शवपेट्यांना वॉर्निशचा हात दिला की वर सगळ्या कागदपत्रांना तो वास लागायचा, आणि युलाली म्हणायची, अ‍ॅम्ब्रोज, तुझे अर्ज वाचून जज्जला मरणाची आठवण होत असणार, म्हणूनच ते इतक्या लवकर फेटाळतात. युलाली त्याची बायको, आणि तेव्हा त्याची टंकलेखकही होती. या राज्याच्या कायद्याच्या कॉलेजनं काळा म्हणून त्याला घेतलं नव्हतं. उलट, कुठंही लांब जाऊन शिक म्हणून सरकारनं त्याच्या रेल्वेच्या तिकिटाचे पैसे भरले होते. तो शिकून परत येईल असं त्यांना वाटलं नसावं. तो परत आला. कोपऱ्यावरच्या दुकानात तळलेल्या मुलेट माशाचं सँडविच मिळायचं. कागदातून तेल गळायचं, आणि ते खात खात तो अर्ज तपासायचा. त्याच्या कितीतरी जुन्या अर्जांवर अजून बोटांचे तेलकट ठसे असतील. आता अ‍ॅव्हेन्यूचं नाव बदललं होतं, अर्धी दुकानं पाडली होती, आणि तो लाकडी भिंतींच्या थंडगार दालनात, झेंड्याखाली बसत होता. वर बसल्यावर सगळ्यांच्या डोक्याचे भांग दिसतात. खाली उभं असताना दिसायचे ते डोळे. त्याला तो खालचा भाग आठवायचा, वकिलाच्या टेबलापासून साक्षीदाराच्या पिंजऱ्यापर्यंतची ती दहा पावलं. ती चालताना त्याच्या छातीत जे धडधडायचं ते जज्ज झाल्यापासून कधी धडधडलं नाही.

शुक्रवारी दुपारी याच दालनात त्याच्या तैलचित्राचं अनावरण व्हायचं होतं. वयाला अडुसष्ट वर्षं झाली होती, आता तो कामाचा भार अर्धा करणार होता, आणि अशा वेळी भिंतीवर चित्र लावायची इथं पद्धत होती. भाषण लिहून तयार होतं. त्यात ती गोष्ट होती. ती गोष्ट नसती तर लोक नाराज झाले असते. ओकोला काउंटीतली दहा वर्षांची मुलगी. कोर्टाच्या हुकमानं गोऱ्यांच्या शाळेत एकटी गेली. पायऱ्यांवर माणसं ओरडत होती, तरी रडली नाही. वर्षभर पहिल्या बाकावर बसली, एकही दिवस चुकवला नाही. शिक्षण मंडळ कोर्टात म्हणालं की पोरीला झेपत नाही, तिला तिच्या जुन्या शाळेत परत पाठवा. तेव्हा ती स्वतः पिंजऱ्यात उभी राहिली आणि तीन वाक्यांत त्यांचं तोंड बंद केलं. मंडळाचे वकील उठून म्हणाले, उलटतपासणी नाही. ही गोष्ट त्यानं कॉलेजांत सांगितली होती, चर्चच्या जेवणांत सांगितली होती. त्याच्या नेमणुकीच्या वेळी वॉशिंग्टनला सेनेटच्या समितीपुढे सांगितली, तेव्हा त्याला दोन तास टोचून टोचून प्रश्न विचारणाऱ्या म्हाताऱ्या सेनेटरनंसुद्धा चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. अ‍ॅम्ब्रोजला कधी कधी वाटायचं, आपल्याला ही खुर्ची त्या पोरीनं दिली. आणि ही पोर आता पंधरा फुटांवर बसून खलाशाच्या हाताच्या क्ष-किरण चित्राकडे बघत होती. या खटल्याच्या बाबतीत नाही, ती म्हणाली होती. म्हणजे कुठल्या खटल्याच्या बाबतीत?

बुधवारी तो तिच्याकडे बघायचं टाळत राहिला आणि टाळता टाळता त्याला तिचं सगळं दिसलं. ती काही लिहून घेत नव्हती. साक्षीदार बोलताना ती त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची. लहानपणी ती तशीच होती का? त्याला आठवेना. आश्चर्य म्हणजे त्या पोरीचा चेहरा त्याला नीट आठवतच नव्हता. आठवत होतं ते वर्तमानपत्रातलं छायाचित्र, पाठमोरं, दोन वेण्या आणि पांढरे मोजे. चेहरा आठवत होता तो तिच्या आईचा. झेल्फिया मेहँड. उंच, हाडापेरानं मजबूत, एका डॉक्टरच्या घरी स्वयंपाकाला असलेली विधवा. मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घ्यावं म्हणून कोर्टात करायच्या अर्जावर सही करायला पाच कुटुंबं तयार झाली होती. आठवडाभरात चार गळाली. एकाची नोकरी गेली, एकाच्या ओसरीवर कोणीतरी मेलेलं कुत्रं टाकलं. दोघांनी कारण सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. झेल्फियाच्या घरी तो गेला तेव्हा ती इस्त्री करत होती. तो चांगला अर्धा तास बोलला, संविधान, समान संरक्षण, पुढची पिढी. ती मान खाली घालून इस्त्री फिरवत राहिली.

"वकीलसाहेब," ती शेवटी म्हणाली, "माझी आजी त्यांच्या स्वयंपाकघरात होती. आई होती. मी आहे. माझी पोर तिथं जाणार नाही एवढं सांगा, बाकीचं मला कळत नाही."

"जाणार नाही," तो म्हणाला होता. छत्तीस वर्षांचा होता तो. असं वचन देताना माणसाला काही वाटत नाही, त्या वयात.

पंधरा दिवसांत डॉक्टरच्या बायकोनं तिला कामावरून काढलं. झेल्फियानं घरी इस्त्रीचे कपडे घ्यायला सुरुवात केली आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. पहिले तीन महिने दर सोमवारी अ‍ॅम्ब्रोज तास-सव्वा तास गाडी चालवत ओकोलाला जायचा, पोरीला शाळेच्या पायऱ्यांपर्यंत पोचवायचा, दुपारी परत आणून आईच्या हवाली करायचा. इतर दिवशी चर्चचा एक जुना माणूस हे काम करायचा. त्या सोमवारांची त्याला आता नुसती ओढ वाटायची. हिरवी प्लिमथ गाडी, उघडी काच, दुतर्फा पाइनची झाडं, चिकाचा वास, मागच्या सीटवर एक लहान मुलगी पुस्तक छातीशी धरून. जग बदलतंय आणि त्याचं चाक आपल्या हातात आहे, असं वाटायला लावणारे ते दिवस. आयुष्यात इतका आनंद त्याला पुन्हा कधी झाला नाही. लाज वाटावी इतका आनंद. कारण मागच्या सीटवरच्या पोरीला आनंद होता की नाही, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी घराच्या ओसरीवर युलालीनं बर्फ घातलेला चहा त्याच्या हातात दिला आणि समोरच्या खुर्चीत बसत म्हणाली, "कालपासून तू कोणाशी बोलतोयस? माझ्याशी तर नाही."

त्यानं सांगितलं. खटल्याबद्दल नाही, फक्त ज्यूरीत कोण बसलंय ते.

"मेहँडची पोर?" युलालीनं चहाचा पेला खाली ठेवला. "मग छान झालं की. शुक्रवारी भेटेल."

"ती मला टाळत होती, युलाली. बत्तीस वर्षं. याच शहरात राहते. चष्म्याच्या कारखान्यात. माझा चष्मासुद्धा कदाचित तिनंच घासला असेल."

"लोकांना कामं असतात. प्रत्येकजण काही तुझ्या गोष्टीत राहत नाही."

ती हे सहज म्हणाली आणि ओसरीच्या कडेला ठेवलेल्या कुंडीतली वाळकी पानं खुडायला लागली. अ‍ॅम्ब्रोज तिच्या बोटांकडे बघत राहिला. माती झटकायला तिनं हात एकमेकांवर घासले, आणि त्या क्षणी, काही कारण नसताना, त्याला पीठ आठवलं. नोव्हेंबरमधला एक सोमवार. शाळा सुटल्यावर आर्डेलिया पायऱ्या उतरून गाडीत बसली तेव्हा तिच्या कोपराला पीठ लागलं होतं. कोटाच्या बाहीला, कानामागे केसांतसुद्धा. आणि कांद्याचा वास. दहा वर्षांच्या पोरीला, जी दिवसभर पहिल्या बाकावर बसली आहे, कांद्याचा वास कुठून येईल? गाडी निघाली. त्यानं आरशात बघितलं. मेहँडांच्या घराच्या वळणाच्या अलीकडे त्यानं गाडी थांबवली, मागचं दार उघडलं, खिशातला रुमाल काढला आणि पोरीच्या बाहीवरचं, कोपरावरचं, केसांतलं पीठ नीट झटकलं. एक शब्द न बोलता. मग तो तिला आईकडे घेऊन गेला. पेल्यातला बर्फ वितळून गेला होता, आणि हाताला ओल येत होती. इतकी वर्षं हे कुठं होतं? विसरला होता असं त्याला म्हणता आलं असतं. पण तो जज्ज होता, आणि विसरलो म्हणणाऱ्या साक्षीदारांचे चेहरे त्यानं पुष्कळ पाहिले होते.

त्याच्या डोक्यात पुढचं आपोआप उलगडत गेलं, एखादा जुना दावा पुन्हा चालवावा तसं. तेव्हाचा जज्ज गोरा होता, म्हातारा, कायद्याला धरून चालणारा पण मनानं कंटाळलेला. त्याला निमित्त हवं होतं. पोर वर्गात नसते हे उघड झालं असतं तर त्यानं मंडळाला चार शब्द सुनावले असते, आणि मग हळूच म्हणाला असता, प्रयोग फसला, मुलीच्याच भल्यासाठी तिला परत पाठवू. म्हणून अ‍ॅम्ब्रोजला पोर कागदोपत्री वर्गात हवी होती. आणि मंडळाचे वकील, ते मिशाळ गृहस्थ, त्यांनी मान खाली घालून 'उलटतपासणी नाही' म्हटलं, तेव्हा अ‍ॅम्ब्रोजला वाटलं होतं, आपण काय पक्की बांधली साक्ष! पण त्यांनाही ठाऊक होतं. पोरीला कोर्टाचा हुकूम मोडून कुठं बसवलंय हे त्यांना ठाऊक होतं, आणि ती खोटं बोलतेय असं सिद्ध करायचं तर तेच कबूल करावं लागलं असतं. दोन्ही बाजूंचे वकील, मध्ये एक लहान मुलगी, आणि सगळ्यांनी मिळून तिला खोटं बोलू दिलं. युलाली म्हणाली, डास यायला लागले, आत चल. तो उठला नाही.

गुरुवारी दुपारी ज्यूरीनं खलाशाच्या बाजूनं निकाल दिला. अ‍ॅम्ब्रोजनं त्यांचे आभार मानले, आणि रिवाजाप्रमाणे ज्यांना हवं त्यांनी माझ्या खोलीत येऊन भेटावं असं सांगितलं. सात जण आले, हात मिळवून गेले. आठवी शेवटी आली. मिस ओपल, त्याची चिटणीस, दार ओढून घेऊन बाहेर गेली. आर्डेलिया उभीच राहिली. तू म्हणावं की तुम्ही, हे त्याला ठरवता येईना.

"बसा," तो म्हणाला. मग, "बस."

ती बसली. "बोटाची किंमत ठरवणं सोपं नसतं," ती म्हणाली. "मी भिंगं घासते. माझी गेली असती तर?"

"तू इथंच होतीस. इतकी वर्षं."

"तुमची ती गोष्ट मी दोनदा ऐकली, जज्जसाहेब. एकदा टीव्हीवर. एकदा आमच्याच चर्चमध्ये, मागे दाराशी उभी होते. छान सांगता तुम्ही."

"मग भेटली का नाहीस?"

"पहिल्या बाकावरची मुलगी भेटली असती तुम्हाला. मी त्या बाकावर बसले ते अकरा दिवस." ती हे शांतपणे, जुनं बिल वाचून दाखवावं तसं सांगत होती. "बाराव्या दिवशी बाई म्हणाल्या, तुझी वही घे आणि खाली जा. खाली स्वयंपाकघर. तिथं मिस आयोना होत्या, मोठ्या भांड्यात कांदे परतत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एक खोकं पालथं घालून दिलं, बस म्हणाल्या. वर्ष संपेपर्यंत मी त्या खोक्यावर बसले. हजेरी वर लागायची. शाळेला ती कोर्टाला दाखवायची होती."

अ‍ॅम्ब्रोजनं तोंड उघडलं. तिनं हात जरासा वर केला.

"तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बरं होतं ते. खाली ऊब असायची. कोणी पाठीत पेन्सिल टोचायचं नाही. मिस आयोनांना वाचता येत नव्हतं, मी त्यांना फळीवर अंथरलेली जुनी वर्तमानपत्रं वाचून दाखवायची. त्या मला पीठ मळायला द्यायच्या. खरं सांगू? मला ते वर्ष आवडलं. हे मी कोणाला सांगू शकत नाही. तुमच्या गोष्टीत ते बसत नाही."

"आणि कोर्टात?"

"कोर्टाचं मात्र लागून राहिलं. बायबलवर हात ठेवला होता मी. तुम्ही विचारलंत, तू पहिल्या बाकावर बसतेस ना? 'ना' लावून विचारलंत. आई मागे बसली होती, तिच्या डोक्यावर नवी टोपी होती. मी हो म्हणाले. मग तुम्ही विचारलंत, रोज बसतेस ना?"

खोलीत वातानुकूलनाची घरघर चालू होती. खाली रस्त्यावर बस थांबल्याचा आवाज आला. अ‍ॅम्ब्रोज म्हणाला, "मला ठाऊक होतं."

"माहीत आहे. तुम्ही पीठ झटकलंत." ती त्याच्या हातांकडे बघत होती. "त्या दिवशी मला वाटलं, आता हे विचारतील. मी सांगायचं ठरवलं होतं. पूर्ण वाक्य तयार केलं होतं मनात. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणजे सांगायचं नसतं, असं मी समजले."

 हजारो माणसं त्याच्यासमोर पश्चात्ताप झाला म्हणत उभी राहिली होती, आणि आता तो शब्द त्याला स्वतःला वापरता येईना. "उद्या मी हे सांगणार," तो शेवटी म्हणाला. "सगळ्यांसमोर. भाषणात. जे झालं ते, आणि मी काय केलं ते. जुन्या दाव्याच्या कागदपत्रांतही निवेदन जोडता येईल."

"आई येणार आहे उद्या," आर्डेलिया म्हणाली.

"कोण?"

"मिस ओपलनी तिला शोधून काढलं. तीन आठवड्यांपूर्वी फोन आला. तुम्हाला आश्चर्याचा धक्का द्यायचाय म्हणे. मला ज्यूरीचं बोलावणं आलं तो आपला योगायोग. आई पंचाहत्तर वर्षांची आहे. ती काय ऐकायला येतेय हे तुम्हाला माहीत आहे."

"तिला ठाऊक नाही?"

"तिनं तिच्या पोरीला त्या वर्षी स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, जज्जसाहेब. त्यासाठी नोकरी घालवली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरींना इस्त्री केली, कंबर गेली तिची. आणि मी तिला सांगू, की मी तिथंच होते? खोक्यावर?" पहिल्यांदाच तिचा आवाज जरा चढला, आणि लगेच खाली आला. "तुम्हाला खरं बोलून हलकं व्हायचंय, मला कळतं. तुमचं तुम्ही बघा. पण ते वर्ष तिचं आहे. तुमचं नाही आणि माझंही नाही."

ती उठली. दाराशी थांबून म्हणाली, "मिस आयोना त्र्याहत्तर साली गेल्या. कोणी विचारलं तर सांगता यावं, म्हणून सांगितलं."

शुक्रवारी दुपारी दालन भरलं होतं. दोन शहरांचे जज्ज, वकील, त्याच्या चर्चचं अर्धं समूहगान मंडळ, युलाली लिंबाच्या रंगाच्या पोशाखात. पुढच्या रांगेत मधोमध झेल्फिया मेहँड बसली होती. त्याला वाटलं होतं की ओळखू येणार नाही. लगेच ओळखू आली. कमरेत वाकली होती, पण मान तशीच ताठ, डोक्यावर जांभळी टोपी, मांडीवर हातमोजे घातलेले हात. तिच्या मागच्या रांगेत आर्डेलिया. चित्रावरचा पडदा ओढला गेला, टाळ्या झाल्या. चित्रातला माणूस त्याच्याहून खूपच न्यायी दिसत होता. मग तो बोलायला उठला. लिहिलेली पानं त्यानं समोर ठेवली आणि पहिल्या दोन वाक्यांनंतर ती वाचणं सोडून दिलं.

तो अ‍ॅव्हेन्यूबद्दल बोलला. वॉर्निशच्या वासाबद्दल बोलला, लोक हसले. मुलेट माशाच्या सँडविचबद्दल बोलला, तेव्हा मागून कोणीतरी "आमेन" म्हणालं. गोष्ट टाळून तो शेवटाकडे येत होता, आणि पुढच्या रांगेतली जांभळी टोपी किंचित पुढे झुकलेली त्याला दिसत होती. वाट बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे असतं, ते कोर्टात इतकी वर्षं पाहूनही त्याला कधी सवयीचं झालं नव्हतं. त्यानं पाण्याचा घोट घेतला. "ओकोला काउंटीत," तो म्हणाला, "एक बाई होती. ती इस्त्री करत होती, आणि मी तिच्यापुढे संविधानावर भाषण देत होतो." तो झेल्फियाबद्दल बोलला. याआधी तो कधीच तिच्याबद्दल बोलला नव्हता, गोष्टीत ती नुसती 'मुलीची आई' असायची. चार कुटुंबं गळाली आणि ती राहिली, हे तो बोलला. तिची नोकरी गेली आणि तिनं तक्रार केली नाही, हे बोलला. "मग सप्टेंबरच्या एका सकाळी तिची मुलगी त्या पायऱ्या चढली, आणि आत गेली." इथं तो थांबला. इथपर्यंतचं सगळं खरं होतं. पुढे एक शब्द न बोलता तो आभारांकडे वळणार होता, कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

"आणि पहिल्या बाकावर बसली," झेल्फिया मेहँड खुर्चीतूनच मोठ्यानं म्हणाली. कान जड झालेली माणसं बोलतात तशी. "रोज बसायची. हो ना, वकीलसाहेब?"

दालनात सगळे प्रेमानं हसले. हसू विरलं, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. अ‍ॅम्ब्रोजनं आर्डेलियाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते तिच्यावर ढकलल्यासारखं झालं असतं. त्याच्या छातीत धडधडत होतं, पंधरा वर्षांत धडधडलं नव्हतं तसं. समोर म्हातारीचा चेहरा वर केलेला, ओलसर डोळे, आणि त्या डोळ्यांत शंकेचा लवलेश नाही.

"हो, मिस झेल्फिया," तो म्हणाला. "रोज."

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. मग कोणीतरी गाणं उचललं, मग केक कापला गेला, माणसं खुर्च्यांमधून वाट काढत टेबलाकडे निघाली. झेल्फिया कोणातरी तरुण वकिलाच्या दंडाला धरून त्याला सांगत होती, मोजे पांढरे होते, मी स्वतः निळीत घालून काढले होते. आर्डेलिया तिच्या मागे उभी होती. तिची आणि अ‍ॅम्ब्रोजची नजर एकदाच भेटली. तिनं मान हलवली नाही की हसली नाही, फक्त नजर काढूनही घेतली नाही.

कोर्टाची लघुलेखिका मार्जरी यंत्र आवरता आवरता त्याच्याजवळ आली. अशा समारंभांचंही टिपण होतं, आणि ते कोर्टाच्या दप्तरी कायमचं राहतं. "जज्जसाहेब, त्या बाई मध्येच बोलल्या ते घ्यायचं का? नाहीतर गाळते. तुमचं उत्तरही मग गाळावं लागेल."

एक शब्द, गाळा, एवढं म्हटलं असतं की झालं असतं. त्याच्या नावावर या इमारतीत पंधरा वर्षांचे निकाल होते, आणि जाणूनबुजून लिहिलेली एकही खोटी ओळ त्यात नव्हती.

"घ्या," तो म्हणाला. "बाईंचं नाव झेल्फिया मेहँड. पूर्ण लिहा."

"आणि उत्तर?"

"जसं दिलं तसंच."

मार्जरीनं पेन्सिलीनं काहीतरी खूण केली आणि गेली. अ‍ॅम्ब्रोजनं काळा झगा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग तो खाली उतरला आणि केकच्या रांगेत झेल्फिया मेहँडच्या मागे जाऊन उभा राहिला. तिनं वळून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"किती वाळलात हो," ती म्हणाली. "माझ्या पुढे या. तुम्हाला जास्त गरज आहे."